ट्रिआज

ब्रॅडफर्ड. पहाटेचे पावणेतीन.
नऊ तासांची रांग, नाणी गिळून बसलेलं कॉफीचं यंत्र,
काचेमागे मी, गळ्यात पट्टा:
ट्रिआज नर्स.

क्लेमेंट होलरॉइड, वय त्र्याऐंशी.
जिन्यावरून घसरले. उजवं मनगट टम्म,
डाव्या हातात निळी वही, ती काही खाली ठेवेनात.
पत्ता विचारला तर म्हणाले,
"कल-द-सॅक. म्हणजे काय, ठाऊक आहे?
गोणीचा तळ.
आमची ही म्हणायची, बाहेर पडायचं
तर ज्या तोंडानं आलो त्याच तोंडानं."

ही म्हणजे आयव्ही.
दिवसा गिरणीच्या कॅन्टीनमध्ये चहा ओतायची,
गुरुवारी रात्री चर्चच्या तळघरात फ्रेंच शिकायची.
फ्रान्सला गेली नाही कधी.
समुद्र पाहिला तो स्कारबरोचा, तोही छत्रीखालून.
वहीत तिचे शब्द,
इंग्रजीनं पलीकडून मागून आणलेले
आणि परत करायचे राहिलेले,
शेजारणीच्या साखरेच्या वाटीसारखे.

पट्टी गुंडाळता गुंडाळता वाचत गेले:
कर्फ्यू – चूल झाका. (आणि झोपा, क्लेम.)
मॉर्गेज – मेलेली हमी. आमची अजून अकरा वर्षं जिवंत.
देजा व्हू – आधी पाहिलेलं. उदाहरणार्थ, सोमवारचं मटण.
फो पा – चुकीचं पाऊल. आमच्या जिन्याची तिसरी पायरी.

"कितव्या पायरीवरून पडलात?"
होलरॉइड छताकडे पाहू लागले.

शेवटच्या पानावर एकच शब्द.
त्याच्यापुढे आडवी रेघ,
रेघेपुढे काही नाही.
"इथंच ऐकला तिनं, शेवटच्या खेपेला," ते म्हणाले.
"उतरवून घेतला. पण अर्थ विचारायला
गुरुवारच उजाडला नाही."

सात वर्षं तो शब्द मी गळ्यात घालून हिंडते.
म्हटलं, "निवड. कोण आधी, कोण नंतर."
मग माझंच मला पुरेसं वाटेना,
कॉम्प्युटरवर शोधलं, मोठ्यानं वाचलं:
फ्रेंचमध्ये निवडणं, वेगळं करणं.
इंग्रजीत आला तो आधी लोकरीसाठी.
रणांगण नंतर. आम्ही तर त्याच्याही नंतर.

म्हातारा गप्प.
मग हसला, इतका की मनगट दुखलं.
"पोरी, बेचाळीस वर्षं मी लोकर निवडली.
उत्तरेच्या खिडकीखाली, तिकडचा उजेड खोटं बोलत नाही.
खांद्याची वेगळी, पोटाची वेगळी, मांडीची राठ.
एकाच मेंढीच्या अंगावर सगळ्या प्रती असतात.
आणि हे डोळ्यांचं काम नाही बरं.
फ्रेंच आहे म्हणून कुणी सांगितलं असतं
तर जरा ताठ चाललो असतो."

अंगावरचं ब्लँकेट चिमटीत धरून म्हणाले, "भेसळ."
मग खोलीकडे पाहिलं,
गठ्ठा फोडण्याआधी पाहत असतील तसं.
"तो कपाळ फुटलेला, बोंबलतोय तो, थांबेल.
ती कोपऱ्यातली, जांभळ्या कोटातली.
तासभर झाला, तिनं काही मागितलेलं नाही.
तिला आधी घे."

तिला मीच साडेअकराला चौथ्या रांगेत टाकलं होतं.
गेले. हात हातात घेतला.
पुढचं मला धावत असल्याचंच आठवतं.

सहाला परतले तेव्हा हात गळ्यात बांधून
होलरॉइड डाव्या हातानं वहीत काही गिरवत होते,
ओळ पार उतारावर घसरलेली.
वाकून पाहायला गेले तर तळव्यानं झाकली.
"आधी आयव्ही वाचेल," म्हणाले.
(ती बाई वर आहे, वॉर्डात. चहा मागितला म्हणे.)

बसमध्ये बसल्या बसल्या
मी माझ्या स्वेटरची बाही चिमटीत धरली,
डोळे मिटले.
काहीच कळलं नाही.
पुन्हा धरली.